आभासी यंत्राच्या स्थलांतरातील घटिकादर

एका भौतिक संगणकावर चालू असलेले आभासी यंत्र न थांबविता दुसऱ्या भौतिक संगणकावर नेताना, त्या यंत्रास जाणवणारा प्रक्रियकाचा घटिकादर (दर सेकंदास पडणाऱ्या घटिका-स्पंदांची संख्या, कंप्रता) पूर्वीइतकाच राखण्याच्या क्रियेचा विचार या नोंदीत केला आहे. आभासी यंत्र, म्हणजे व्यवहारात ज्यास व्हर्च्युअल मशीन म्हणतात ते, वस्तुतः यंत्र नसून एका खऱ्या संगणकाच्या पोटात आज्ञावलीच्या साहाय्याने उभा केलेला दुसरा संगणक होय. त्यास स्वतःची स्मृती, स्वतःची परिचालन प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) व स्वतःचे घड्याळ असते. निदान तसे त्यास वाटते. ज्या खऱ्या संगणकावर ते चालते त्यास यजमान संगणक व यजमान आणि आभासी यंत्र यांमध्ये बसून साधनसामग्रीची वाटणी करणाऱ्या आज्ञावलीस हायपरव्हायजर अशी संज्ञा आहे.

ही कल्पना नवी नाही. आयबीएम या कंपनीच्या केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील केंद्रात १९६७ मध्ये सीपी-४० ही प्रणाली कार्यान्वित झाली व १९७२ मध्ये तिचीच परंपरा चालविणारी व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आली. तथापि त्या काळी आभासी यंत्र ज्या संगणकावर जन्मले तेथेच संपत असे. चालते यंत्र एका यजमानाकडून दुसऱ्याकडे नेण्याची सोय २००३ च्या सुमारास व्हीएमवेअर कंपनीच्या व्हीमोशन या आज्ञावलीने सर्वसामान्य ग्राहकास उपलब्ध झाली आणि घटिकादराचा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हापासून उद्‌भवला.

स्पंद-गणित्र : प्रक्रियक स्फटिक आंदोलकापासून मिळणाऱ्या स्पंदांच्या तालावर काम करतो. १९९३ मध्ये आलेल्या इंटेल कंपनीच्या पेंटियम या प्रक्रियकात हे स्पंद मोजणारे ६४ द्विमान अंकांचे एक गणित्र प्रथमच बसविण्यात आले. संगणक सुरू होताच ते शून्यापासून मोजू लागते आणि कोणत्याही आज्ञावलीस एका साध्या आज्ञेने त्याचे वाचन करता येते. दर सेकंदास ३ अब्ज स्पंद (३ गिगॅहर्ट्‌झ) या दराने ते पूर्ण भरावयास सुमारे १९५ वर्षे लागतील, त्यामुळे ते भरून पुन्हा शून्यावर येण्याची चिंता व्यवहारात करावी लागत नाही. वाचन अतिशय जलद होत असल्याने पुढे कालमापनासाठी हेच गणित्र सर्रास वापरले जाऊ लागले. वास्तविक ते मुळात घड्याळ म्हणून योजलेले नव्हते; आज्ञावलीचा एखादा तुकडा किती स्पंदांत पार पडतो हे पाहण्याची ती सोय होती. पुढील बहुतेक अडचणींचे मूळ या उसन्या उपयोगात आहे.

आरंभीच्या प्रक्रियकांत वीज वाचविण्यासाठी गती कमी केली की गणित्रही मंदावत असे. २००८ नंतरच्या प्रक्रियकांत मात्र गणित्राचा दर स्थिर ठेवण्यात आला. प्रक्रियकाची प्रत्यक्ष गती वरखाली होवो, गणित्र एकाच तालात चालते. तेव्हा ‘प्रक्रियकाची गती’ व ‘गणित्राची कंप्रता’ या आता दोन निरनिराळ्या गोष्टी झाल्या असून या नोंदीत घटिकादर हा शब्द दुसऱ्या अर्थी वापरला आहे.

गणित्र केवळ संख्या देते. त्या संख्येचे सेकंद करावयाचे तर दर ठाऊक असावा लागतो. नव्या प्रक्रियकांपैकी काही स्वतःच हा दर सांगतात. परंतु अनेक वर्षे परिचालन प्रणाली सुरू होताना तो मोजून घेत असे व अनेक ठिकाणी अजूनही घेते. यासाठी संगणकातील दुसऱ्या एखाद्या ज्ञात कंप्रतेच्या घड्याळाशी तुलना करतात. अशी दोन प्रचलित घड्याळे १·१९३१८२ मेगॅहर्ट्‌झ व ३·५७९५४५ मेगॅहर्ट्‌झ या कंप्रतांची आहेत. हे विचित्र आकडे १४·३१८१८ मेगॅहर्ट्‌झच्या एकाच स्फटिकास अनुक्रमे १२ व ४ यांनी भागून आलेले आहेत आणि त्यांपैकी दुसरा हा अमेरिकेतील रंगीत दूरचित्रवाणीच्या रंगवाहक तरंगाची कंप्रता आहे. भारताने १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू केले ते पाल या वेगळ्या पद्धतीने. म्हणजे येथील घरोघरच्या संगणकांतील कालगणना अशा दूरचित्रवाणीच्या मापाने चालत आली, की जी या देशात कधी आलीच नाही.

एकदा असा दर ठरला, की परिचालन प्रणाली तो आपल्या स्मृतीत नोंदवून ठेवते व संगणक बंद होईपर्यंत त्यावर विसंबून राहते. खऱ्या संगणकाच्या बाबतीत यात काहीच गैर नाही, कारण त्याचा प्रक्रियक मध्येच बदलत नाही. आभासी यंत्राचा बदलतो.

स्थलांतराची रीत : चालते आभासी यंत्र हलविण्याची सर्वमान्य रीत अशी : यंत्र जुन्या यजमानावर चालू असतानाच त्याच्या स्मृतीची पाने जालकामार्गे नव्या यजमानाकडे पाठविली जातात. दरम्यान ज्या पानांत बदल झाला असेल ती पुन्हा पाठवितात. अशा काही फेऱ्यांनंतर उरलेली पाने अगदी थोडी झाली, की यंत्र क्षणभर थांबवून ती पाने व प्रक्रियकाची स्थिती पाठवितात आणि यंत्र नव्या ठिकाणी सुरू करतात. झेन या हायपरव्हायजरवर ही रीत वापरून केलेल्या प्रयोगांचा वृत्तांत केंब्रिज विद्यापीठातील व त्यांच्या सहकारी संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात चालू खेळाचा सर्व्हर केवळ ६० मिलिसेकंदांच्या खंडाने हलविण्यात आला होता. खेळणाऱ्यांस स्थलांतर झाल्याचे कळत नाही, हे या पद्धतीचे यश. आतल्या परिचालन प्रणालीसही ते कळत नाही, ही तिची अडचण.

नव्या यजमानाचे गणित्र दोन बाबतींत वेगळे असते. पहिली बाब आरंभाची. तो संगणक केव्हा सुरू झाला यावर त्याची संख्या अवलंबून असल्याने ती जुन्या संख्येहून लहान वा मोठी असणारच. हा फरक मुंबईच्या जुन्या वेळेसारखा आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाल्यावरही मुंबई शहरात स्वतःची वेळ १९५५ पर्यंत टिकून होती व ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. नागपूरची सूर्याधिष्ठित स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे १४ मिनिटे मागे पडते. अशा दोन वेळांमध्ये ये-जा करणाऱ्यास ठरावीक मिनिटे मिळविली वा वजा केली, की पुरते. कारण दोन्हीकडील मिनिट सारखेच लांब असते.

दुसरी बाब दराची असून तेथे बेरीज-वजाबाकी उपयोगी पडत नाही. मुहूर्त साधण्यासाठी पूर्वी वापरीत असलेल्या घटिकापात्राचे उदाहरण घ्यावे. तळाशी बारीक छिद्र असलेले हे भांडे पाण्यात तरंगत ठेवले, की ते भरून बुडावयास एक घटिका (२४ मिनिटे) लागते. विधी चालू असताना कोणी न सांगता मोठ्या छिद्राचे भांडे ठेवले, तर घटिका मोजणारा बुडण्याची संख्या चोख मोजील आणि तरीही मुहूर्त चुकवील. त्याची मोजणी बरोबर असते. माप बदललेले असते. भिन्न कंप्रतेच्या यजमानावर गेलेल्या आभासी यंत्राची स्थिती नेमकी अशी होते.

दर न राखल्यास होणारे परिणाम : समजा, २·४ गिगॅहर्ट्‌झच्या यजमानावर सुरू झालेले यंत्र ३·० गिगॅहर्ट्‌झच्या यजमानावर नेले व काहीच उपाय केला नाही. आतली प्रणाली अजूनही २·४ अब्ज स्पंदांस एक सेकंद मानते, तेव्हा तिचे घड्याळ सव्वापट जलद धावते. दर तासाला ते १५ मिनिटे पुढे जाते.

हा आकडा व्यवहारात काय करू शकतो, हे एका कल्पित परंतु साध्या उदाहरणावरून ध्यानात येईल. पूर्व नागपुरातील लकडगंज ही इमारती लाकडाची जुनी पेठ आहे. तेथील एखाद्या वखारीत सागवानाचे बिल टंकलिखित होते. पण हिशेबाची आज्ञावली भाड्याच्या सर्व्हरवर असल्यास बिलावरील तारीख व वेळ वखारीतील भिंतीवरच्या घड्याळाची नसते, ती शेकडो किलोमीटर दूर असलेल्या एका आभासी यंत्राची असते. ३१ मार्चच्या रात्री ८ वाजता ते यंत्र वरीलप्रमाणे हलले, तर खरे ११ वाजून १२ मिनिटे झाली असता त्यात मध्यरात्र होते आणि त्यानंतर वर्षअखेरीच्या घाईत केलेले प्रत्येक बिल नव्या आर्थिक वर्षात पडते. लाकूड घनफुटात मोजणाऱ्या या पेठेत फुटपट्टी बदलली तर ती लगेच हातात धरून पाहता येते. सर्व्हरवरील सेकंद तसा पडताळता येत नाही.

तारखेची चूक निदान दिसते तरी. अनेक संगणक मिळून एकच काम करीत असतात तेथील चूक अधिक घातक होय. अशा समूहात सामायिक माहितीवर लिहिण्याचा हक्क एका यंत्रास ठरावीक मुदतीपुरता, समजा १० सेकंदांपुरता, दिलेला असतो. मुदत संपली, की तो हक्क दुसऱ्यास मिळतो. घड्याळ जलद धावणारे यंत्र आपला हक्क ८ सेकंदांतच सोडते, यात नुकसान थोडे. पण उलट दिशेने, म्हणजे ३·० वरून २·४ गिगॅहर्ट्‌झवर, आलेल्या यंत्राचे १० सेकंद खऱ्या १२·५ सेकंदांइतके लांबतात आणि शेवटचे अडीच सेकंद दोन यंत्रे एकाच माहितीवर लिहू शकतात. घड्याळ पुढे जाण्याचीच भीती सामान्यतः बाळगली जाते. प्रत्यक्षात मागे रेंगाळणारे घड्याळ अधिक नुकसान करते.

जालकावरून वेळ मिळवून घड्याळ सुधारण्याची नेटवर्क टाइम प्रोटोकॉल ही पद्धत येथे फारशी कामास येत नाही. तिची रूढ आज्ञावली दशलक्षात ५०० भागांपर्यंतचा, म्हणजे दिवसाला ४३·२ सेकंदांपर्यंतचा, दरातील दोष हळुवारपणे भरून काढते. वरील उदाहरणातील दोष दशलक्षात २,५०,००० भागांचा आहे. एवढ्या दोषापुढे ती घड्याळास पुनःपुन्हा धक्के देऊन मागे सारते व एकच वेळ दोनदा येऊ लागते. फरक १,००० सेकंदांपलीकडे गेल्यास ती हात टेकते व बंद पडते.

दर राखण्याचे उपाय : आरंभातील फरकाचा उपाय प्रक्रियकांत आभासीकरणाची सोय आली तेव्हापासूनच आहे. हायपरव्हायजर एक अंतरांक नेमून देतो व आभासी यंत्राने गणित्र वाचले, की प्रक्रियक तो आपोआप मिळवून उत्तर देतो.

दरासाठी पूर्वी एकच खात्रीचा मार्ग होता : यंत्राने गणित्र वाचण्याचा प्रयत्न केला, की ती आज्ञा अडवावयाची, हायपरव्हायजरने हिशेब करून योग्य संख्या हाती द्यावयाची. उत्तर अचूक मिळते. परंतु जे वाचन काही दहा स्पंदांत व्हावे त्यास हजारावर स्पंद लागू शकतात. सेकंदात लाखो वेळा वेळ पाहणाऱ्या माहितीसंग्रहाच्या (डेटाबेसच्या) आज्ञावलीस हे परवडत नाही. झेन या प्रणालीत म्हणून व्यवस्थापकास निवड दिलेली असे : नेहमी अडवा, कधीच अडवू नका, किंवा गरज पडेल तेव्हा अडवा.

खरा उपाय प्रक्रियकातच करणे भाग होते. एएमडी कंपनीने २०११ च्या बुलडोझर या पिढीत व त्यानंतर काही वर्षांनी इंटेलने आपल्या सर्व्हरच्या प्रक्रियकांत गुणकाची सोय केली. तीत आभासी यंत्रास दिसणारी संख्या पुढील सूत्राने मिळते : यजमानाची संख्या × गुणक + अंतरांक. गुणक हा जुन्या व नव्या कंप्रतांचे गुणोत्तर होय. वरील उदाहरणात तो २·४ ÷ ३·० = ०·८ येतो. यंत्र सुरू होऊन १०० सेकंद झाले असता ते हलविले असे मानू. त्याचे गणित्र तेव्हा २४० अब्जांवर असते. नवा यजमान सुरू होऊन ५० सेकंदच झाले असतील, तर त्याची संख्या १५० अब्ज. तिला ०·८ ने गुणून १२० अब्ज. तेव्हा अंतरांक १२० अब्ज ठेवावा लागतो. यानंतर १० सेकंदांनी यजमानाची संख्या १८० अब्ज होते. ०·८ ने गुणून १४४ अब्ज व अंतरांक मिळवून २६४ अब्ज. यंत्राच्या समजुतीप्रमाणे २·४ अब्जांनी भागले, की ११० सेकंद येतात. संख्या कोठे तुटत नाही, मागे जात नाही व दरही बदलत नाही.

गुणकाचा अपूर्णांक एएमडीच्या रचनेत ३२ व इंटेलच्या रचनेत ४८ द्विमान स्थानांपर्यंत लिहिता येतो. पहिल्या प्रकारात सूक्ष्मतेअभावी होणारी चूक दिवसाला २० मायक्रोसेकंदांच्या आसपास असून दुसऱ्यात ती नॅनोसेकंदाहून कमी भरते. अर्थात एवढ्या सूक्ष्मतेचा लाभ क्वचितच मिळतो. लिनक्समधील केव्हीएम हा हायपरव्हायजर कंप्रता किलोहर्ट्‌झच्या पूर्णांकात नोंदवितो व २·४ गिगॅहर्ट्‌झमध्ये एका किलोहर्ट्‌झची चूक म्हणजे दिवसाला सुमारे ३६ मिलिसेकंद. जालकावरून मिळणारी वेळ हा दोष सहज झाकते.

ज्या यजमानाच्या प्रक्रियकात गुणकाची सोय नाही तेथे केव्हीएम दोन कंप्रतांतील फरक दशलक्षात २५० भागांच्या आत असल्यास तो तसाच चालवून घेतो. ही सवलत वाटते तितकी क्षुल्लक नाही. एकाच प्रकारच्या, एकाच दिवशी विकत घेतलेल्या दोन संगणकांचे स्फटिकही दशलक्षात काही दहा भागांनी भिन्न असतात (५० भागांचा फरक दिवसाला ४·३ सेकंद होतो), तेव्हा काही मोकळीक ठेवणे अपरिहार्यच आहे. पण २५० भाग म्हणजे दिवसाला २१·६ सेकंद, आणि ते निस्तरण्याचे काम निमूटपणे आतल्या प्रणालीवर टाकलेले असते. तिच्यात जालकावरून वेळ सुधारण्याची तजवीज नसेल, तर कोणतीही सूचना न मिळता घड्याळ बिघडत जाते. फरक याहून मोठा असल्यास स्थलांतरच नाकारावे, हे अधिक प्रामाणिक धोरण होय.

याहून वेगळा विचार असा, की आभासी यंत्रापासून सत्य लपवूच नये. केव्हीएममध्ये यजमान व आभासी यंत्र यांच्यात स्मृतीचे एक सामायिक पान असते. त्यावर यजमान अमुक संख्येस अमुक वेळ होती व एका स्पंदाचे मोल इतके, अशी नोंद ठेवतो. स्थलांतर झाले, की नवा यजमान पान नव्याने लिहितो. आतली प्रणाली दर स्वतः ठरवीतच नाही. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या प्रणालीतही अशाच पानावर गुणक व अंतरांक देऊन १०० नॅनोसेकंदांच्या एककात वेळ मिळते. तीत आणखी एक सौजन्य आहे : कंप्रता बदलल्याची वर्दी यंत्रास दिली जाते व त्याने पोच देईपर्यंत गणित्राचे प्रत्येक वाचन अडवून जुन्याच दराने उत्तर दिले जाते. मात्र हा सर्व करार परिचालन प्रणालीपुरता असतो. तिला बाजूस सारून गणित्र थेट वाचणाऱ्या आज्ञावल्या पुष्कळ आहेत व त्यांना या पानाचा पत्ताही नसतो. त्यांच्यासाठी गुणकावाचून गत्यंतर नाही.

मर्यादा : घटिकादर राखल्याने कामाचा वेग राखला जात नाही. मंद प्रक्रियकावर गेलेले यंत्र आपली कंप्रता पूर्वीचीच सांगत राहते, पण तेवढ्याच सेकंदात कमी काम करते. ग्राहकांच्या तक्रारींत या दोन गोष्टींची गल्लत वारंवार आढळते.

स्थलांतराच्या क्षणी यंत्र जितका वेळ थांबले तो वेळ त्याच्या गणित्रात धरावा की नाही, हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. न धरल्यास यंत्राचे घड्याळ प्रत्येक स्थलांतरागणिक तितके मागे पडते. पन्नास-साठ मिलिसेकंदांची अशी ठिगळे साचत जातात. धरावयाचा तर दोन्ही यजमानांची घड्याळे आपसांत जुळलेली हवीत, कारण थांबण्याचा क्षण एकाने व सुरू होण्याचा दुसऱ्याने नोंदविलेला असतो. स्थलांतरित यंत्राची वेळ अशा रीतीने शेवटी यजमानांच्या वेळेइतकीच विश्वसनीय ठरते. एकाच आभासी यंत्रास अनेक प्रक्रियक असल्यास त्या सर्वांची गणित्रे एकाच क्षणी सारखी असणे हीदेखील अट आहे. अन्यथा एका प्रक्रियकावर नोंदविलेले कार्य दुसऱ्यावर नोंदविलेल्या कारणाच्या आधी घडलेले दिसते.

महाराष्ट्रातील स्थिती : भारतातील मोठ्या संगणन-केंद्रांचा सर्वांत दाट पुंजका मुंबई व नवी मुंबई परिसरात आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे व ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबई येथे आपली केंद्रे ग्राहकांस खुली केली. यांपैकी पुण्याच्या केंद्रास मायक्रोसॉफ्टच्या यादीत ‘मध्य भारत’ असे नाव आहे. शून्य मैलाचा दगड आपल्या शहरात असलेल्या नागपूरकरांस याचे नवल वाटावे. अशा केंद्रांत निरनिराळ्या वर्षी विकत घेतलेले, निरनिराळ्या कंप्रतांचे संगणक शेजारी शेजारी उभे असतात. दुरुस्तीसाठी एक यजमान रिकामा करावयाचा, की त्यावरील यंत्रे जागा असेल तेथे जातात. सारख्या कंप्रतेच्या यजमानांचे वेगळे गट करून त्यांच्यातच स्थलांतर होऊ देणे हा जुना, खर्चिक परंतु निर्धोक मार्ग लहान केंद्रांस अजूनही सोयीचा पडतो.

भारतीय प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेवर असून ती आण्वीय घड्याळांच्या साहाय्याने पार पाडली जाते. भारतीय संगणक आणीबाणी प्रतिसाद दलाने (सर्ट-इन) २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निदेशांनुसार सेवा देणाऱ्या संस्था, संगणन-केंद्रे, कंपन्या व शासकीय संस्था यांनी आपल्या संगणकांची घड्याळे या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरांशी जुळवून ठेवणे आणि कामकाजाच्या नोंदी १८० दिवस जतन करणे बंधनकारक झाले. एखाद्या घुसखोरीचा तपास करताना कोणती घटना आधी व कोणती नंतर, हे अनेक संगणकांच्या नोंदी एकत्र लावूनच ठरते, हा त्यामागील हेतू. या निदेशांत स्थलांतराचा वेगळा उल्लेख नसला, तरी मध्यंतरी हललेल्या व दर न राखलेल्या यंत्राच्या नोंदी त्या कसोटीस उतरणार नाहीत, हे उघड आहे.

आभासी यंत्र पूर्णपणे बंद करून नव्या यजमानावर पुन्हा सुरू केल्यास, व्यवस्थापकाने विशिष्ट कंप्रता नेमून दिलेली नसेल तर, ते त्या यजमानाचीच कंप्रता स्वीकारते व जुन्या दराचे ओझे संपते. तोपर्यंत मात्र ते अशा एका प्रक्रियकाचा दर बाळगून असते, की जो कदाचित कधीच मोडीत गेलेला असेल.